एक रेघ आणि सही

चुकलेला शब्द ते कधी खोडत नसत. शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढायची, चुकलेल्या शब्दावर आडवी ठेवायची, निळ्या पेनाने बरोबर मधोमध एक रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा, बाजूला बारीक सही आणि तारीख. मग पट्टी रुमालाने पुसून परत खिशात. एवढं होईपर्यंत समोरच्याने थांबायचं. घाई केली तर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "खाली काय होतं ते दिसलं पाहिजे, साहेब."

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या यार्डमध्ये ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. यार्डमध्ये लोखंडी सांगाडे तयार होत आणि प्रत्येक सांगाड्याची ड्रॉइंग दहा-दहा वेळा बदलत. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा, पण ते फेकायचं नाही, हे त्यांचं काम. पोर्टाकॅबिनच्या एका टोकाला त्यांचं टेबल, मागे पोलादी कपाटं, आणि एसी असा की उन्हाळ्यातही ते अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत हा स्वेटर. नवीन आलेला माणूस आधी स्वेटरकडे बघे, मग त्यांच्याकडे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा ते मी एका कागदावर लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. अबुधाबीतल्या मराठी घरांत मुलं त्यांना फॉर्म अंकल म्हणत. त्या काळात तिथे राहिलेल्यांना एवढ्यावरून ओळख पटेल. आणि पटल्यावर त्यांच्या मनात जो शब्द येईल तो 'कमिशनवाला' असेल, हेही मला ठाऊक आहे. तो शब्द आला कुठून, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

ते एकटे राहत, मुसफ्फातल्याच कंपनीच्या खोल्यांमध्ये. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कंपनीच्या बसने शहरात येत आणि ज्या घरात बारावीचं मूल असेल त्या घरी जात. मुलांचे परदेशी विद्यापीठांचे फॉर्म भरून देणं हा त्यांचा छंद होता. पैसे घेत नसत. जेवायला थांबत नसत. चहा घेत, तोही अर्धा कप. फक्त एक मागत: भरलेल्या फॉर्मची, मार्कशीटची आणि पासपोर्टची एक झेरॉक्स. "एक कॉपी माझ्याकडे राहू द्या," म्हणत, आणि ती खाकी पाकिटात घालून घेऊन जात.

आता तुम्हीच सांगा, परमुलखात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी काय वाटेल? फुकट कोण करतं? आणि पासपोर्टची कॉपी कशाला? मी हे माझ्या बायकोला, नीलिमाला, विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "सगळ्यांवर संशय घेऊन तुमचा दिवस जातो कसा हो?" मी म्हटलं, "सगळ्यांवर नाही. फुकट काम करणाऱ्यांवर."

संशय घेण्यात ते स्वतःही कमी नव्हते, हे सांगायला हवं. हातात पाकीट आलं की आधी उजेडासमोर धरत, मग पोस्टाचा शिक्का बघत, मग डिंकाची कड अंगठ्याने तपासत. "हे कोणी उघडून परत चिकटवलंय का?" एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत आरतीची वेळ चुकीची छापली गेली. कोणीतरी म्हणालं, फोनवर सांगून टाकू. या माणसाने दोनशे पत्रिका खोलीवर नेल्या, प्रत्येकीवर पट्टी ठेवून रेघ मारली, वेळ लिहिली, सही केली, तारीख घातली. त्या वर्षी अबुधाबीतल्या प्रत्येक मराठी फ्रिजवर त्यांची सही लटकत होती. मंडळातले साठे म्हणाले, "बाप्पाची पत्रिका आहे की ड्रॉइंगची रिव्हिजन?" सगळे हसले. तेही हसले, पण जरा उशिरा, विनोद तपासून घेतल्यासारखे.

माझी मुलगी गौरी बारावीत गेली तेव्हा मलाही त्यांची गरज पडली. गौरीचा जन्म ह्यूस्टनचा. मी तिथे तीन वर्षं नोकरीला होतो, त्यात ती झाली, म्हणून तिच्याकडे निळा अमेरिकन पासपोर्ट. वाढली अबुधाबीत, शिकली तिथल्या अमेरिकन शाळेत. अशी मुलं सरळ अमेरिकेला जातात. हिला मात्र पूल बांधायचे होते आणि तेही ब्रिटनमध्ये शिकून. तिथे इंजिनिअरिंगला पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंगच शिकवतात, अमेरिकेसारखं दोन वर्षं इतिहास-मानसशास्त्र करावं लागत नाही, हे तिला कुठून तरी कळलं होतं. मलाही अमेरिकेपेक्षा ब्रिटनचं सात तासांचं विमान पसंत होतं.

अडचण अशी, की तिच्या शाळेला ब्रिटनचा फॉर्म माहीतच नव्हता. अमेरिकेत प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज आणि वेगळे निबंध. ब्रिटनमध्ये सगळ्या विद्यापीठांना मिळून एकच फॉर्म, त्यात सहा नावं, स्वतःबद्दल लिहायला एकच चौकट, आणि मागच्या पानावर शाळेने लिहायचं शिफारसपत्र, जे विद्यार्थ्याला दाखवायचं नसतं. त्यात ब्रिटिश विद्यापीठांना ए-लेव्हल, म्हणजे त्यांच्याकडची बारावी, हवी, आणि अमेरिकन शाळेचा डिप्लोमा त्यांच्या खिजगणतीत नाही. बहुतेकांचं उत्तर एकच: आधी एक वर्ष फाउंडेशन करा. ते वर्ष वाचवायचं तर एपी नावाच्या अवघड अमेरिकन परीक्षांमध्ये चांगले गुण दाखवायचे. पाचपैकी गुण असतात. चार किंवा पाच मिळाले तर काही विभाग थेट पहिल्या वर्षाला घेत.

हे सगळं मला त्या स्वेटरवाल्या माणसाने सांगितलं. मी चकित होऊन विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? त्यांनी फॉर्मबरोबरची सूचनांची पुस्तिका पुढे केली. समासात निळ्या खुणा होत्या. "सगळं लिहिलेलं असतं, साहेब. कोणी वाचत नाही."

पहिल्या शुक्रवारी ते आले तेव्हा गौरीने तिची चौकट लिहून ठेवली होती. अमेरिकन शाळेत शिकवतात तशी. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, अर्धांगवायूतून कसे उठले आणि त्यांच्यामुळे तिला जिद्द म्हणजे काय ते कसं कळलं. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"छान आहे. आजोबांना ॲडमिशन मिळेल."

गौरी बघतच राहिली. मग खो खो हसली. "देन व्हॉट डू दे वॉन्ट, अंकल?"

"पूल का पडत नाही, ते लिही. आणि तुला ते कधी पहिल्यांदा समजलं, ते."

तिने चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी त्यांनी जुना कागद पाकिटात ठेवला, त्यावर क्रमांक घातला. चौथ्या कागदात अबुधाबीच्या मक्ता पुलाखालून बोटीने जाताना तिने वर बघितलं होतं, त्या दोन मिनिटांबद्दल होतं. तो कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि अर्धा कप चहा मागितला. ही त्यांची शाबासकी.

माझा संशय मात्र जागा होता. कारण साठेंचा रोहन. तो ब्रिटिश शाळेत होता, ए-लेव्हल करत होता आणि त्याच विद्यापीठाच्या त्याच विभागात अर्ज करत होता. त्याचाही फॉर्म हेच भरत होते. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "रोहनच्या फॉर्ममध्ये काय काय लिहिलंय?" ते म्हणाले, "त्याचा कागद त्याचा." मला वाटलं, माझ्यापासून लपवतात म्हणजे साठेंपासूनही लपवत असतील का? की फक्त माझ्यापासून?

आणि मग तो दोनचा आकडा आला.

अकरावीच्या शेवटी गौरीने फिजिक्सची एपी परीक्षा दिली होती आणि तिला पाचपैकी दोन मिळाले होते. परीक्षेच्या आठवड्यात तिला ताप होता, पण ते असो. दोन म्हणजे दोन. बारावीत ती परीक्षा पुन्हा देणार होती. आता अमेरिकेची पद्धत अशी, की जे गुण आवडले नाहीत ते पाठवायचे नाहीत. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मला तर ते हक्काचं वाटत होतं. ब्रिटनच्या फॉर्मवर मात्र दिलेली प्रत्येक परीक्षा लिहायची होती, पास-नापास, आणि खाली सही करायची होती की सगळं लिहिलं आहे.

"दोन लिहायचे," ते म्हणाले. "आणि खालच्या रकान्यात, पुन्हा देणार आहे, असं लिहायचं."

"अहो, इंजिनिअरिंगला फिजिक्समध्ये दोन? पहिल्या नजरेत बाहेर फेकतील."

"फेकतील किंवा नाही फेकणार. पण लिहायचे."

"रोहनला असा आकडा असता तर लिहायला लावला असता?"

त्यांनी पट्टी खिशातून काढली, टेबलाच्या कडेला समांतर ठेवली, परत उचलली. "साहेब, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. न दाखवता नंतर सापडलं, तर दोनाचा शून्य होतो."

गौरीने त्यांच्यासमोर स्वतःच्या अक्षरात दोन लिहिले. त्यांनी कॉपी काढून घेतली, मागे तारीख घातली आणि गेले.

त्या आठवड्यात मी शाळेतून दुसरा कोरा फॉर्म आणला. गौरीला म्हटलं, पहिल्यावर डाग पडलाय, फेअर कर. तिने सगळं उतरवलं. त्या ओळीशी आल्यावर थांबली. "बट डॅड, अंकल सेड—"

"अंकलना अमेरिकन सिस्टीम कळत नाही. ती ओळ गरजेची नाही."

ती सतरा वर्षांची होती आणि माझ्यावर विश्वास ठेवायची. तिने ओळ सोडली आणि खाली सही केली. तो फॉर्म शाळेत गेला, शाळेने शिफारस लिहिली, पाकीट बंद करून पाठवलं. त्यांना मी काही बोललो नाही. त्यांनी एकदा विचारलं, "फॉर्म तोच गेला ना?" मी म्हटलं, "तोच."

फेब्रुवारीत उत्तर आलं. तिकडे घरी पोस्टमन येत नाही. कंपनीच्या पोस्ट बॉक्सला सगळी पत्रं येतात, आणि यार्डचं टपाल डॉक्युमेंट कंट्रोलर उघडतो, 'मिळाले' असा शिक्का मारतो, वाटतो. त्यांनी मला पत्र आणून दिलं ते उघडलेलं, शिक्का मारलेलं. विभागाने लिहिलं होतं: अर्जदाराने फिजिक्सची एक परीक्षा आधी दिल्याची माहिती आमच्याकडे आली आहे, ती अर्जात नाही, पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

"तुम्ही माझं पत्र उघडलं?"

"बॉक्सला आलेलं सगळं उघडतो, साहेब. वर 'पर्सनल' लिहिलेलं नव्हतं."

"आणि ही माहिती त्यांच्याकडे कशी आली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाटात ते जुन्या रिव्हिजनकडे बघत तसं. "फॉर्म तोच गेला नव्हता," एवढंच म्हणाले.

दुपारी मी फॅक्स मशीनजवळून जात होतो. ट्रेमध्ये पोहोच-पावती पडलेली होती. ब्रिटनचा नंबर. पत्रावर छापलेला होता तोच. वेळ सकाळची, पत्र मला देण्याच्या तासभर आधीची.

तुम्ही माझ्या जागी असता तर? मी स्वतःला हे अनेकदा विचारलं आहे. दोन लिहायला लावणारा हा, कॉप्या ठेवणारा हा, पत्र उघडणारा हा, आणि मला न सांगता त्याच विभागाला फॅक्स करणाराही हाच. रोहनसाठी जागा मोकळी करतोय, आणि तिकडून याला काहीतरी मिळतंय. बसलं ना सगळं जागेवर? मला तर वाटलं, मी एखादं कोडं सोडवलंय. दर एक-दोन शुक्रवारांनी संध्याकाळी ते दुबईपलीकडे अजमानला कोणाकडे तरी जातात, हेही मला त्याच वेळी आठवलं. अजमानला एजंट असणार.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी माझ्या केबिनमध्ये गेलो, मेमोचं पॅड घेतलं आणि यार्ड मॅनेजरच्या नावे हाताने इंग्रजीत एक पानभर तक्रार लिहिली. कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या पासपोर्टच्या कॉप्या ठेवतात. ऑफिसचा फॅक्स खाजगी धंद्याला वापरतात. खाजगी पत्रं उघडतात. परदेशी विद्यापीठांकडून कमिशन घेतात. या शेवटच्या वाक्यात मी एक दुरुस्ती केली. ती नंतर सांगतो.

मॅनेजर लेबनॉनचा होता, मोठ्या आवाजाचा आणि भित्रा. पासपोर्टच्या कॉप्या म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "खलास, हबीबी." म्हणजे पुरे, मित्रा. "लीव्ह इट विथ मी." त्यांच्या टेबलामागचं कपाट उघडलं गेलं. खालच्या खणात एकतीस खाकी पाकिटं निघाली, प्रत्येकावर मुलाचं नाव आणि वर्ष. विचारलं, कशाला ठेवलीत? ते म्हणाले, "रेकॉर्ड." झालं. यापेक्षा संशयास्पद उत्तर माझ्यासारख्याला तरी सुचलं नसतं.

विद्यापीठाला मी माझा खुलासा लिहिला, नजरचुकीने राहिलं म्हणून. दोन दिवस शब्द जुळवत होतो, मग पोस्टाने पाठवला. मार्चच्या शेवटी दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. गौरीला त्या विभागाकडून जागा मिळाली, अट अशी की फिजिक्समध्ये चार आणि गणितात पाच मिळाले पाहिजेत. घरात नीलिमाने शिरा केला. आणि यार्डमध्ये त्यांच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. व्हिसा रद्द, एका महिन्यात देश सोडायचा. मला वाईट वाटलं नाही. माझ्या पत्राने मुलीची जागा वाचली आणि माझ्या मेमोने बाकीच्यांची मुलं वाचली, असं मला वाटत होतं. मंडळात मी दोघा-तिघांना हळूच सांगितलंही. 'कमिशनवाला' हा शब्द साठेंचा, पण त्यामागचं सगळं माझं.

मॅनेजरने हुकूम दिला की जाण्याआधी सगळी पाकिटं ज्याची त्याला परत करा. त्यांनी त्यासाठी एक रजिस्टर केलं. रोज दुपारी दोन-तीन माणसं येत, पाकीट घेत, सही करत. कोणी फार बोलत नसे. एक मल्याळी फोरमन मात्र, ज्याचा मुलगा त्यांच्यामुळे मँचेस्टरला गेला होता, पाकीट घेईना. "आप रखो ना, साब. मेरे पास गुम हो जाएगा." त्यांनी त्यालाही सही करायला लावली.

माझी पाळी आली तेव्हा त्यांचे बारा दिवस उरले होते. हे मला माहीत आहे कारण टेबलावरच्या कॅलेंडरमध्ये त्यांनी गेलेल्या प्रत्येक दिवसावर पट्टीने रेघ मारली होती. कपाटं उघडी होती, नवा माणूस यादी करत होता. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. तो अंगात नसल्यामुळे ते मला एकदम बारीक वाटले.

"नीट बघून घ्या," पाकीट देत ते म्हणाले. "सगळं आहे. इथे सही."

मी सही केली. वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुमचा मेमो आला होता फाइलिंगला. नंबर दिला. फाइल केला."

मॅनेजरच्या सेक्रेटरीने नेहमीच्या ट्रेमध्ये टाकला असणार. यार्डमधला प्रत्येक कागद शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो, हे मी तक्रार लिहिताना विसरलो होतो. स्वतःविरुद्धच्या कागदावर त्यांनी शिक्का मारला होता, नंबर घातला होता आणि तो जागेवर ठेवला होता.

"शेवटच्या वाक्यात व्हाइटनर आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ड्रॉइंगमध्ये एखादं माप राहून गेलं तर विचारत तसं विचारलं. "खाली काय होतं?"

"काही नाही. स्पेलिंग चुकलं होतं."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढचं पाकीट काढायला वाकले.

मी गाडीत येऊन बसलो आणि पाकीट उघडलं. गौरीच्या चौकटीचे चार कागद, आजोबांसकट. पासपोर्टची कॉपी. पहिल्या फॉर्मची कॉपी, जिच्यात तिच्या अक्षरात दोन लिहिलेले होते. आणि सगळ्यात खाली दोन फॅक्स.

पहिला त्यांचा. इंग्रजी साधं, ऑफिसचं. लिहिलं होतं की या अर्जदाराचा फॉर्म भरायला मी मदत केली. मुलीने परीक्षेचा निकाल स्वतः लिहिला होता. तारखेसह पहिल्या फॉर्मची प्रत जोडत आहे. दुसरी प्रत उतरवताना ती ओळ राहिली, ती चूक माझी आहे. मुलीचा आणि तिच्या वडिलांचा यात दोष नाही.

दुसरा फॅक्स विभागातल्या प्रवेश पाहणाऱ्या प्राध्यापकांचा, तीन दिवसांनंतरचा. जोडलेल्या प्रतीवरून खात्री पटली. शाळेच्या शिफारसपत्रात, मागच्या वर्षीच्या अपयशानंतर मुलगी धैर्याने तीच परीक्षा पुन्हा देत आहे असं कौतुकाने लिहिलं आहे, म्हणून आम्ही विचारणा केली होती. आमच्या दृष्टीने विषय संपला.

शाळेने कौतुक केलं होतं. अमेरिकन शाळा. पडून उठलेलं मूल त्यांना फार आवडतं. गौरीला तर त्यांनीच आजोबांवर लिहायला शिकवलं होतं. माझ्या हे ध्यानातही आलं नाही. आणि माझा खुलासा? तो पोस्टाने पोहोचायलाच आठवडा लागला असता. त्याआधीच विषय संपला होता. ज्या कॉपीवर मी संशय घेतला, त्या कॉपीने माझ्या मुलीची जागा वाचवली होती.

आणखी एक गोष्ट मला त्या गाडीत कळली. आयुष्यभर जे पट्टीने रेघ मारत आले, त्यांनी माझ्या माहितीत एकदाच पांढरं लावलं होतं. माझ्या चुकीवर. "चूक माझी आहे" हे त्या पाकिटातलं एकमेव खोटं वाक्य होतं.

पोर्टाकॅबिनचं दार गाडीपासून तीस पावलांवर होतं. मॅनेजरची केबिन त्याच्या शेजारी. व्हिसा रद्द करण्याचा निर्णय मागे घेता येतो, असे दोन दाखले यार्डमध्येच होते. पण मग सांगावं लागलं असतं की फॉर्म मी बदलला, मुलीकडून अर्धवट फॉर्मवर सही मी करवून घेतली. कोणी विद्यापीठाला कळवलं तर जागा जाईल. मंडळात मी काय बोललो होतो, तेही परत घ्यावं लागलं असतं. मी एसी सुरू केला. दहा मिनिटं बसलो. मग गाडी काढली.

बारा दिवस होते. एकेक दिवस मी म्हटलं, उद्या.

शेवटच्या दिवशी यार्डच्या गेटवर ते कंपनीच्या बसची वाट बघत उभे होते. एक सुटकेस, दोरीने बांधलेला एक खोका, आणि हातावर घडी घातलेला तो स्वेटर. माझी गाडी दिसल्यावर त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं कपाळाला लावली. मी फोन कानाला लावला होता. फोनवर कोणी नव्हतं.

गौरीला फिजिक्समध्ये चार मिळाले, गणितात पाच. ती गेली, शिकली, आज ती खरोखर पूल बांधते. निकालाच्या दिवशी तिने विचारलं, "फॉर्म अंकलला कसं कळवायचं?" मी म्हटलं, "ते गेले. त्यांचं जरा गडबडीचं प्रकरण निघालं." तिचा चेहरा पडला, पण तिने पुन्हा विचारलं नाही. ती माझ्यावर अजूनही विश्वास ठेवायची. पाकीट मी कपाटात वरच्या फळीवर टाकलं. आम्ही पुण्याला परतलो तेव्हा ते सामानात आलं. मी फेकलं नाही, एवढं एकच काम मी त्यांच्यासारखं केलं.

अजमानला ते कोणाकडे जात, मला आजही माहीत नाही. कदाचित कोणी नातेवाईक असेल. कदाचित तिथेही एखादं बारावीचं मूल असेल. इथे मी पुन्हा अंदाज करणार नाही.

त्यांना शोधायचा प्रयत्न मी केला, पण फार उशिरा. गावाचं नाव अर्धवट आठवत होतं. तिथल्या एका किराणा दुकानदाराने फोनवर सांगितलं, "ते सर का? मुलांचे फॉर्म भरून द्यायचे. वारले की. तीन-चार वर्षं झाली." मी विचारलं, पैसे घ्यायचे का? तो म्हणाला, "छे. फक्त झेरॉक्स ठेवून घ्यायचे."

मागच्या महिन्यात गौरीचा फोन आला. तिचा मुलगा आता बारावीला आहे, अर्ज भरतोय. बोलता बोलता ती बाजूला वळून त्याला सांगत होती की आपल्या कागदांची कॉपी कोणाला द्यायची नाही, आमच्या लहानपणी एक अंकल होते, फार चांगले वाटायचे, पण... त्या पोराला मी एक खोटी गोष्ट वारशाने दिली होती.

म्हणून पाकीट खाली काढलं. दोन्ही फॅक्सची शाई फिकी झाली आहे, पण अक्षर लागतं. त्यांच्या प्रती काढून मी या लेखाबरोबर आधी गौरीला पाठवतो आहे. तिला मराठी सावकाश वाचता येतं, एकेक अक्षर लावत. लागू दे वेळ. साठेंना आणि मंडळातल्या उरलेल्यांनाही पाठवीन. यार्ड आता तिथे नाही आणि तो मेमो कुठल्या कपाटात असेल कोण जाणे. पण त्याला एक नंबर होता, तो त्यांच्या अक्षरात होता, आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

साहेब, स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. आधी मी लिहिलं होतं, हे कमिशन घेतात अशी मला शंका आहे. मग वाचून बघितलं. शंकेवर कोणी कोणाला काढणार नाही, असं वाटलं. म्हणून त्या दोन शब्दांवर पांढरं लावलं, फुंकर मारून वाळवलं आणि वर लिहिलं, मला माहीत आहे.

खाली 'शंका आहे' होतं.